काही उगवलं नाही

माझ्याकडे माणसं येत नाहीत, नखं येतात.
घडी घातलेल्या कागदात. वर नाव, वय, कुठलं बोट.
कास्त्रोच्या इस्पितळामागे एका खिडकीच्या खोलीत
मी त्यांच्यावर पोटॅशचा थेंब टाकते आणि थांबते.
नख विरघळतं, बुरशी विरघळत नाही.
काचेखाली तिचे धागे राहतात,
किनाऱ्यावर वाळत टाकलेल्या जाळ्यासारखे.

या बेटावर बुरशीला काय तोटा!
पाऊस संपत नाही, रबरी बूट उतरत नाहीत.
पाणबुडे, शिंपले सोलणाऱ्या बायका,
एकदा तर पाद्रीबाबांचा अंगठा,
खेकड्याच्या पाठीसारखा जाड.

रोसाल्बा नाउएलकिन, वय त्रेपन्न, उजवी तर्जनी.
पहिलं पाकीट मार्चमध्ये आलं.
उबेच्या पेटीत चार आठवडे ठेवलं.
काही उगवलं नाही. तसं लिहिलं.
जुलैत दुसरं, डावं मधलं बोट,
सोबत कारखान्याच्या डॉक्टरचं घाईचं अक्षर:
‘गोळ्या चालू. फरक नाही. पुन्हा बघा.’
पुन्हा बघितलं.
गोळ्या चालूच राहिल्या,
आणि यकृत त्या सोसतंय का हे बघायला
शेजारच्या खोलीत तिचं रक्त येत राहिलं.

तिसऱ्या पाकिटात चुरा नव्हता,
आपसूक तुटलेला सबंध तुकडा होता.
थेंब टाकण्याआधी मी तो उजेडात धरला.
का, सांगता येणार नाही. बाहेर ऊन पडलं होतं, तेवढंच.
उभी एक पांढरी रेघ, शेजारी एक पातळ, आरपार दिसणारी,
आणि रेघ संपते तिथं टोकाला खाच,
सुताराच्या पाचरीएवढी नेमकी.
बुरशी असं आखून काम करत नाही.
ती आळशी, कडेनं आत पसरते.

अहवालाच्या तळाशी ‘निरीक्षण’ असा चौकोन असतो, नखभर.
एकोणीस वर्षांत मी तो कोराच सोडला होता.
बारीक अक्षरात लिहिलं:
‘बुरशी नाही. तीनदा नाही. नख राहू द्या, बाईंना बघा.’

त्वचेची डॉक्टर दोन महिन्यांतून एकदा येते,
मुख्यभूमीवरून, समुद्र बरा असेल तर.
तिनं कॉलरचं बटण सोडायला लावलं,
कानामागचे केस बाजूला केले.
तपकिरी, तेलकट, खरखरीत खडे, मानेपासून छातीपर्यंत.
नखांसाठी आलेली बाई नखंच दाखवणार;
बाकीचं कुणी मागितलंच नव्हतं.
कातडीचा कण बोटीनं गेला, उत्तर बोटीनं आलं.
दारियर.
पेशी एकमेकींचा हात सोडतात, असा रक्तातून आलेला दोष.

‘चौकोनात लिहिणाऱ्या तुम्हीच का?’
ती दारात उभी होती. मग आत येऊन
टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले.
जिवंत नखांत तांबड्या रेघाही होत्या.
म्हणाली, ‘आईवर कुणी करणी केलीय म्हणायचे.
उन्हाळ्यात तिला वास यायचा,
म्हणून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर.
मीही तिथंच बसते.
तीस वर्षं माझा टॉवेल वेगळा,
बटाट्याची भाकर बहीण मळते.’
मग खाली बघत,
‘हे कुणाला लागत नाही ना?’
डॉक्टरनं सांगितलं होतं. तिला दुसऱ्या तोंडून हवं होतं.
नाही, मी म्हटलं. नाही लागत.

जाणार नाही ते. युरियाचं मलम, सुती कपडे,
ओठ फुटवणाऱ्या नव्या गोळ्या,
आणि जानेवारीच्या उन्हात पुन्हा उठणारच.
जुन्या गोळ्या मात्र तिनं
कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरल्या म्हणे.

गेल्या आठवड्यात एक पाकीट आलं, फार मोठं.
नाव, वय. बोटाची जागा कोरी.
आत बटाट्याची भाकर, कडेला दाबलेल्या बोटांचे ठसे,
दहाही मोजता येतील असे.
प्रयोगशाळेत खायला मनाई आहे.
मी जिन्यात बसून खाल्ली, बूट काढून.
माझ्या डाव्या अंगठ्याला सहा वर्षं बुरशी आहे, खरीखुरी.
पाकीट करायचं राहूनच जातं.