माप

तू जन्मलास तेव्हा तुझा बाप
आयर्लंडच्या खाली कुठेतरी, हेक माशांच्या मागे.
बोलायचं तर बंदरातल्या रेडिओवरून,
आणि रेडिओवर एक बोललं की चाळीस होड्या ऐकतात,
हे आमच्या खाडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक.
म्हणून एवढंच म्हणाले:
मुलगा. तीन किलोला थोडा कमी. ओव्हर.
तिकडून शिट्ट्या आल्या. कुणीतरी ओरडला,
आज कॉफीत दारू अन्शोच्या खात्यावर.

डॉक्टरांनी दिलेला दुसरा शब्द
मी एकोणीस दिवस जिभेखाली धरून होते,
ताप बघायची काच धरतात तसा.
दात लागले असते तर फुटला असता.
सासू आली, पाळण्यात वाकली,
"डोळे कुणाचे घेतलेत यानं?" म्हणाली
आणि उत्तराला न थांबता सूप ढवळायला गेली.
शेजारची रेमेदिओस मेणबत्त्यांचा पुडा ठेवून गेली,
जणू वीज जाणार होती.

विसाव्या दिवशी अन्शो दारात. अंगाला डिझेलचा वास.
मी तोंड उघडायच्या आत त्याने तुझी मूठ उघडली,
जाळ्याची गाठ सोडवावी तशी, एकेक बोट,
आणि तळव्यावरची ती आडवी रेघ बघत राहिला.
बराच वेळ.
"एकच आहे," म्हणाला. "बरंय. गोंधळ नको."
मग मागच्या दारी जाऊन जाळ्यांच्या ढिगावर बसून रडला.
मी पातेली आपटून घासली,
मला ऐकू येत नाही असं त्याला वाटावं म्हणून.

पाचव्या महिन्यात सान्तियागोला तुझं हृदय शिवलं.
आदल्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसून
मी दोन नवस बोलले, एकमेकांच्या विरुद्ध.
कुठला पोचला ते समोर दिसतंच आहे,
बूट उलटे घालून.
दुसरा अजून माझ्याकडे आहे. कुणाला सांगितलेला नाही.
तुला सांगते, कारण तू विचारणार नाहीस,
आणि विचारलंस तर आधी विचारशील, जेवलीस का.

किती वर्षं तो तक्ता! छापलेली निळी वळणं,
आणि खाली, सगळ्यांच्या खाली,
नर्सच्या पेनाचा तुझा ठिपका.
मान कधी धरली, कधी बसला, "मामा" कधी म्हणाला.
मी तारखा थोड्या अलीकडे ओढून सांगायची.
नर्सला कळायचं. ती तशाच लिहून घ्यायची.

आता तू सव्वीस. सुकतीला माझ्याबरोबर रेतीत उतरतोस.
मी फावड्याने तिसऱ्या उकरते,
तू मापाच्या पट्टीत एकेक घालून बघतोस.
खाचेतून पडली ती बारकी: परत रेतीत.
"जा तू. उद्या ये," असं प्रत्येकीला सांगून.
राखणदार एलादिओ पिशवी उपसून थकला,
आजवर एकही लहान सापडलेली नाही.
पण आपली पिशवी नेहमीच दीड-दोन किलो हलकी,
कारण मापात बसणाऱ्याही तू सोडतोस,
तोंड घट्ट मिटलेल्या.
"ही घाबरलीय."
बायका कुजबुजतात. मीही हिशोब करते,
महिन्याचे किती युरो परत चिखलात गेले.

हिशोब पुढेही जातो, रात्री. अन्शोचा गुडघा गेला,
माझी कंबर चालली. उशिया झुरिकमध्ये म्हणते,
आई, मी आहे ना.
आहे. तिला दोन खोल्या आहेत आणि तिसऱ्या मजल्यावर.
तिथे समुद्र कुठून आणू?

भरती लागली. सगळ्या बायका बादल्या घेऊन वर गेल्या.
पाणी घोट्याला आलं, मग बुटात.
ब्राइस, चल आता.
तू वाकलेला, तळहातावर एक तिसरी,
बरोब्बर त्या रेघेवर ठेवलेली.
ब्राइस!
"थांब," म्हणतोस. "विचार करतीये ती."