आमचे येथे

अप्पा बळवंत चौकातून आत, पुस्तकांच्या दुकानांमागे
माझं ट्रेडल मशीन अजून उभं आहे.
लग्नपत्रिका. एकेचाळीस वर्षं.
'श्री'चा खिळा तीनदा झिजला, तीनदा नवा आणला.

आमचे येथे श्रीकृपेकरून –
इथून सुरुवात. मग आजोबा, असतील तर.
नसतील तर कै. लावून, पण गाळायचे नाहीत.
गेलेल्यालाही ओळीत जागा असते, ही माझी समजूत.
मग थोरला, मग धाकटा, मग आत्या, मग मामा.
'शरीरसंबंध' या शब्दाला पोरं काउंटरवर हसायची.
मी म्हणायचो, हसा. लग्न म्हणजे काय
हे लपवून ठेवणारे आम्ही नव्हतो.

नंतर पत्रिकेत पुढारी शिरले.
आधी एक कोपरा, मग अख्खं पान.
सख्खा मामा तळाशी बारीक,
आणि भावी नगरसेवक वर, सोनेरी.
एकजण एकोणीस वर्षं भावी होता.
त्याच्या मुलाच्या पत्रिकेतही मी भावीच छापला.

मग पक्ष आमच्या पंक्तीत येऊन बसला.
पाडव्याला पद्माकर म्हणाला, दादा, तुझा माणूस विकला गेला.
मी म्हणालो, तुझा कधी विकत घेण्यासारखा होता?
बासुंदीची वाटी तशीच राहिली.
ते दोघे आता एका गाडीतून फिरतात, एका हारात मावतात.
आम्ही भाऊ लक्ष्मी रस्त्यावर समोरासमोर आलो
तर एकजण काचेतले शर्ट बघत उभा राहतो.
सात वर्षं.

मार्चमध्ये ऋजुता म्हणाली, नोंदणी करतोय आम्ही.
वीस माणसं. पत्रिका नको.
मुलगा हडपसरचा. मी आडनाव विचारलं.
तिने सांगितलं, आणि विचारलं म्हणून
दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी बोलली:
बाबा, कोणाचं नाव आधी, यात तुमचा जन्म गेला.
आईने तीस वर्षं त्या पत्रिकांच्या घड्या घातल्या,
तिचं नाव कुठल्या ओळीत आहे?
आहे की, म्हणालो. सौ. व श्री.
सौ. कोण?
आतून शैला म्हणाली, मी. आणि भाजी परतत राहिली.

मला अजून वाटतं, पोरीचं चुकतंय.
लग्न दोघांचंच असतं
तर मांडवाला चार खांब कशाला लागले असते?
फोनवरचं आमंत्रण नाचतं, अंगठ्याने पुसलं जातं;
पत्रिका फ्रिजवर राहते, तारीख उलटली तरी.
हे तिला सांगितलं.
ती म्हणाली, फ्रिजवर आता विजेचं बिलसुद्धा नसतं, बाबा.

रात्री दुकान उघडलं.
'ऋ' शोधला. कोरा करकरीत,
इतक्या वर्षांत कोणाला लागलाच नव्हता.
नाव मीच ठेवलेलं. सरळपणा, असा अर्थ.
ती सरळ वागली, तर तक्रार कोणाकडे करायची?

जुळवत गेलो. आजोबा, कै. लावून.
मुलाकडचे, आडनावासकट, त्याच मापात.
मग काकांची ओळ आली. हात थांबला.
पण काका गाळलेली पत्रिका मी गिऱ्हाइकालाही दिलेली नाही.
भांडण तुमचं, ओळ कुळाची, असं सांगून
किती जणांना परत पाठवलंय.
पद्माकर लावला. काना-मात्रा कुठे चुकली नाही.
'सौ. व श्री.' उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.
शेवटी सौ.पुढे शैला. ओळ लांबली;
माझं नाव लहान मापात बसवावं लागलं.

दोनच प्रती काढल्या.
एक कसब्याच्या गणपतीपुढे, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून.
गुरुजींनी ढिगावर ठेवली. विचारलं, कार्यालय कुठलं?
म्हणालो, सरकारी.

दुसरी खिशात आहे.
पत्र्या मारुतीपर्यंत गेलो होतो. तिथून तिसरं दार.
परत आलो.
शाई अजून ओली होती, असं म्हणू.