बुचांच्या कारखान्यात, शनिवारी

आन्सेल्मो, खुर्ची जरा पुढे घ्या.
मी वकील आहे, पाद्री नाही;
तुमच्या मरणाबद्दल
कॉफी निवायच्या आत बोलणार.

दोन तृतीयांश मुलांचंच. तुम्ही रुसलात तरी
पोर्तुगालचा कायदा रुसत नाही.
उरला तिसरा हिस्सा;
तुमची सगळी माया त्यात बसवायची.

ग्रासा बावीस वर्षं वाफेच्या कढईपाशी उभी आहे.
दुआर्तेला लक्झेंबर्गहून फक्त ताळेबंद दिसतो.
निम्मं-निम्मं, म्हणता.
निम्मी कढई उकळून दाखवा.

कारखाना तिला. त्याला ओढ्यापलीकडची झाडं,
कमी पडेल ते रोखीत, हप्त्यांनी.
आणि हे हयातीत, दोघांना समोर बसवून.
बाप पाकिटातून बोलला
की मुलं एकमेकांशी वकिलांतर्फे बोलतात.
माझं घर त्यावरच चालतं, म्हणून सांगते.

तुम्ही खिडकीबाहेर बघताय.
ओकच्या सोललेल्या बुंध्यावर पांढरा चार:
चोवीस साली साल काढली,
आता तेहतिसापर्यंत हात लावायचा नाही.
तुम्ही मांडीवर बोटं मोजलीत.
मी कागद चाळत राहिले.

मग म्हणालात, "कुऱ्हाड आतल्या अंगाला लागू द्यायची नाही,
हेही लिहा."
कुठल्याच कलमात बसेना.
वेगळ्या चिठोऱ्यावर लिहिलं, शिक्क्याशिवाय.

"दुआर्तेला तुम्हीच कळवा ना."
नाही. एवढा फोन तुमचा.
त्याची फी मी लावत नाही.