बाईचा तास

बोरीच्या पुढे ओढा ओलांडला की सोजरबाईंचे वीस गुंठे.
मी तिथे अकरा वेळा गेलो, फॉर्म घेऊन.
डिझेल किती, वीज किती, खत कुठून आलं,
सगळं मेगाज्यूलमध्ये मांडायचं.

डिझेल चार लिटर, भाच्याच्या ट्रॅक्टरचं, एकदाच.
खत गोठ्यातलं.
बियाणं गाडग्यातलं, राखेत ठेवलेलं.
राख चुलीतली, चुलीत तुराट्या, तुराट्या याच रानातल्या,
आणि तूर त्याच गाडग्यातली.
हे सुरू कुठून होतं, मी विचारलं.
"चहा घ्या," त्या म्हणाल्या.

मोटार आठवड्यातून दोन रात्री.
लाइट बाराला येते,
तेव्हा त्या बॅटरी घेऊन एकट्याच उठतात.
बैल? एक त्यांचा, लाल कंधारी,
दुसरा शेजारच्या मैनोद्दीनचा. सावड.
मी दोन्ही बैल लिहिले, मग एक खोडला,
मग पुन्हा लिहिला.

माणसांचे तास विचारले तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या.
"गड्याच्या तासाला काय धरता?"
एक पूर्णांक शहाण्णव.
"अन् बाईच्या?"
एक पूर्णांक सत्तावन्न.
सोलणं थांबलं नाही.
"कामून?"

पुस्तकात तसंच आहे, म्हणालो.
"मंग खुरपायला लिंबाजीला लावा.
एका पातीत तीनदा तंबाखू मळतो त्यो,
तुमची शक्ती कुठं जाती, बघा."
ओट्यावर लिंबाजी हसले,
आणि चुन्याची डबी शोधू लागले.

परभणीत, रात्री, बेरीज जुळवताना
माझी मोटारसायकल आठवली.
अकरा खेपा, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर:
पेट्रोल सोळा लिटर.
त्यांच्या वर्षाच्या डिझेलच्या चौपट,
ते डिझेल मोजायला.
तळटीप टाकली.
सरांनी लाल पेनाने विचारलं,
याचा पिकाशी काय संबंध?

बाराव्या खेपेला एसटीने गेलो,
फॉर्म न घेता.
हरभऱ्यात गवत माजलं होतं. त्यांनी न विचारता
एक खुरपं माझ्याकडे सरकवलं, मुठीला चिंधी गुंडाळलेलं.
ऊन कानावर आलं. गुडघे बोलायला लागले.
मी वर पाहिलं तेव्हा त्या तिसरी पात संपवून
माझ्या अर्ध्या पातीकडे बघत होत्या.

"लिवा आता," त्या म्हणाल्या,
"गड्याचा एक तास."