कुठून

नागपूरच्या दवाखान्यात सात डबे अर्धगोलात मांडलेले.
मध्ये खुर्ची. खुर्चीत उन्नती,
पाय जमिनीला न पोचणारे.
डबा वाजला की बोट दाखवायचं.
तिनं सातही वेळा उजवीकडे दाखवलं.
बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं
आणि तिला लिमलेटची गोळी दिली.

मशीन एकाच कानाला.
डोक्याच्या कातडीवर लोहचुंबकानं धरलेला बिल्ला;
त्याला सेफ्टी पिन चिकटते का
हेही पोट्ट्यांचं पाहून झालं होतं.
(चिकटते.)
जगातलं सगळं तिच्या उजव्या हाताला राहायचं:
पिठाची गिरणी, आत्याचं खोकणं, वरातीतला डीजे,
डावीकडून येणारी एसटीसुद्धा.

गावी आल्यावर तीच परीक्षा आम्ही आखरावर मांडली.
गुरं चरायला गेलेली, शेण अर्धवट वाळलेलं.
प्रज्वलकडे ताट, पायलकडे सायकलची काढून आणलेली घंटी,
माझ्याकडे गाईच्या गळ्यातलं टापर.
डोळे बांधून एकेक जण मध्ये.
आम्हाला येत होतं. चिमुकल्या सम्यकलाही.
"कसं समजलं बे?"
"समजलं."
याच्यापुढे कोणाकडेच उत्तर नव्हतं.

आवाज एका कानाशी आधी पोचतो, दुसऱ्याशी उशिरा,
पण तो उशीर एवढासा
की तेवढ्यात मुंगीचा पायही उचलून होत नाही.
हे मला फार पुढे, कॉलेजात कळलं.
सम्यक तेव्हाच त्यावर चालत होता.

उन्नती म्हणाली, "तुमी एक कान बंद करा."

कापूस तर घरोघरी.
गंजीतून बोंड ओढलं, तेलात बुचकळलं,
डाव्या कानात कोंबलं, वरून तळहात.
आणि गाव कलंडलं,
सगळे एकाच अंगाला बसले की बंडी कलंडते तसं.
घंटी वाजली, मी ताटाकडे बोट दाखवलं.
प्रज्वल रांजणावर जाऊन आदळला.
ती हसत होती.
कुठून, ते मला कळत नव्हतं.

मग तिची पाळी.
तिनं बोट दाखवलंच नाही.
रेडिओचं स्टेशन लावावं तशी मान हळूहळू फिरवली,
जिथं आवाज भरला तिथं थांबली.
दोन पावलं. पुन्हा मान.
आम्हाला लागला नसता एवढा वेळ लागला,
पण टापरावर हात ठेवला तिनं.
अट एकच होती:
वाजवणाऱ्यानं थांबायचं नाही.

पट्टी नसली की तिचे खबरे वेगळे.
म्हशीचे कान. कुत्र्याची वळलेली मान.
पाणी भरणाऱ्या बाया एकदम जिकडे पाहतील ती दिशा.
आणि घराला एक सवय लागली,
आधी जागा, मग बोलणं.
"चुलीपासून बोलून रायली, मीठ आन व."
"मी धुऱ्यावर हाय, डब्बा आनला का?"
पाहुण्यांना आम्ही सगळेच जरासे येडे वाटायचो.

आता मी अमरावतीला.
रात्री तिचा फोन येतो.
फोनमध्ये सगळ्यांनाच एक कान असतो,
आवाज कुठूनही येत नाही, नुसता येतो.
"निंबाखालून बोलून रायली," ती सुरुवात करते. "तू?"
"गॅलरीत हाय."
"कोन्या बाजूच्या?"