जोतं

पगारपत्रकाची खिडकी अचानक मिटली
की परकार हसतो:
"अ‍ॅप पडलं. पडू दे रे, जोतं शाबूत आहे."
पुन्हा उघडतो. सुलेमानीचा घोट घेतो.

आज पहाटे तीनला,
फहाहीलच्या सर्व्हर-खोलीत,
कर्नलच थांबला.
माउसचा बाण जिथल्या तिथे.
पांढरी अक्षरं, चार ओळी, मग काहीच नाही.

"आपल्याच मेमरीवरचा भरवसा उडाला," परकार म्हणाला,
"की हा लेखणी खाली ठेवतो.
चुकीचं एक अक्षर उमटायला नको."

मी रोज चिडतो, कोसळतो, पुन्हा सुरू होतो.
परकार अकरा वर्षांत
एकदाही अडखळलेला नाही.

बटण दाबायच्या आधी
तो बराच वेळ
त्या काळ्या पडद्यात बघत राहिला.
एसीचं पाणी
बादलीत टपकत होतं.