तिसरं बटण

दांडिया बाजारात, पट्टे-पाकिटांच्या दुकानावर
पोटमाळ्यात माझं टेबल.
वर काच, काचेखाली दिवा,
आणि त्या उजेडात गेले सतरा दिवस
एक माणूस मला हसू येईना म्हणून ताटकळतोय.

फिल्म चार मिनिटांची.
विश्वामित्रीतल्या मगरी मोजायला नेमलेला कारकून.
मोजायचं नि टिपायचं, म्हणून नाव टिपणीस.

आधी नाक दिलं, भरताच्या वांग्याएवढं.
मग पोट, मग उदबत्तीच्या काड्यांसारखे पाय,
कानांतून केस,
मिशीचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर.
केळाच्या सालावरून पाडलं.
दोनदा.
कीर्तिभाईंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं
नि म्हणाले, "बेन, मजा नथी आवती."
खरंच होतं ते.
मला त्याची नुसती दया येत होती,
आणि दया आत आली
की विनोद दारात चपला शोधायला लागतो.

म्हणून खोडायला घेतलं.
नाक गेलं. पोट गेलं. मिशी
फुंकरीसरशी काचेवरून उडाली.
उरला एक बेताचा इसम.
आतून सगळा काळा भरायचा,
तरी ओळखू आला पाहिजे, असा आमच्यात नियम.
भरला काळा.
रावपुऱ्यात बँकेच्या रांगेत उभा असलेला
कुणीही.

त्या दुपारी सेव-उसळ मागवली होती.
तर्रीचा एक थेंब कुर्त्याच्या बरोब्बर मधोमध,
आणि तेवढ्यात जिना वाजला:
कीर्तिभाई, आणि पैसे घालणारे दोघं,
न कळवता.
मी फाईल छातीशी धरली.
नमस्कार एका हाताने केला.
चहा आला, तो घेतला नाही.
पंख्याने कागद उडवले, वाकले नाही,
चपलेखाली दाबून धरले.
"चित्रं दाखवा ना."
चित्रं फाईलीतच होती.
फाईल जागची न हलवता
मी वरच्या फटीतून एकेक ओढून काढू लागले,
जादूगार रुमाल काढतो तशी.
कीर्तिभाई आधी खोकले.
मग खोकला सोडून हसायलाच लागले.
दोघांतल्या जाड्या गृहस्थांना डोळे पुसावे लागले.
चित्रांकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

घरी गेले नाही त्या रात्री.
टिपणीसच्या शर्टाचं तिसरं बटण काढून टाकलं.
बस्स, तेवढंच.
तिथे त्याने मगरींची वही धरली.
काळा भरला:
एक कोपर बाहेर,
एकाच पंखाचा पक्षी असावा तसा.
ओळखू आला.

मगर काठावर येते, जबडा उघडते.
वर आंब्याची फांदी. चढायला दोन हात लागतात.
टिपणीस फांदीकडे बघतो.
वहीकडे बघतो.
मगरीकडे बघतो
(इथे मी वीस चित्रं त्याला नुसता उभा ठेवलाय).
मग एका हाताने चढायला लागतो.

रात्री एक वाजता, खालच्या दुकानाचं शटर ओढलेलं,
मी एकटीच इतक्या मोठ्याने हसले
की समोरच्या गॅलरीत कुणीतरी दिवा लावला.

बटण पडलं कुठे, ते ठरलेलं नाही.
कीर्तिभाई म्हणतात, शेवटी मगरीच्या दातात चमकू दे.
बघू.
चाल तर अजून जमतच नाही,
डावा पाय टेकताना जमिनीवरून सरकतो,
सोमवारपर्यंत हवीय.

कुर्ता दोनदा धुतला. डाग फिका झालाय.
आता मी तो घालूनच बसते टेबलाशी, समोर आरसा ठेवून,
आणि खाली रस्त्यावरून कुणी हाक मारली
की हात आधी कुठे जातो
ते पटकन काढून घेते.